सरळ रेषा आणि आरंभबिंदू : समप्रमाणाच्या आलेखाची पाठ्यपुस्तकांतील मांडणी

प्रस्तावना

उच्च प्राथमिक स्तरावरील गणितात समप्रमाण हा घटक सर्वांत उपयोगी मानला जातो. दुकानातील हिशेब, शिवणकामातील कापडाचा अंदाज, नकाशाचे प्रमाण, व्याज, वेग, विजेचे बिल अशा अनेक व्यवहारांच्या मुळाशी तोच विचार असतो. तरीही महाविद्यालयीन वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर समप्रमाणाचा आलेख ठेवला असता तो 'सरळ रेषा आहे' एवढेच सांगतो व तेथेच थांबतो. ती रेषा कोठून जाते, तिचा चढ काय सांगतो आणि प्रत्येक सरळ रेषा समप्रमाण दाखवते काय, हे प्रश्न त्याच्या मनात उभेच राहत नाहीत.

या उणिवेचा दोष सामान्यतः विद्यार्थ्याच्या 'कच्च्या पायावर' टाकला जातो. प्रस्तुत लेखात मात्र पाठ्यपुस्तकांतील मांडणी आणि परिभाषेची भाषा या दोन अंगांनी या प्रश्नाची तपासणी करण्यात आली आहे. समप्रमाणाचा आलेख हे केवळ उदाहरणाच्या शेवटी काढायचे चित्र नसून समप्रमाण आहे की नाही हे तपासण्याची ती कसोटी आहे, आणि या कसोटीचा प्राण रेषेच्या सरळपणाइतकाच आरंभबिंदूत आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परिभाषेचा प्रश्न

नवनगर, हुबळी व धारवाड या परिसरातील विद्यार्थी एकाच दिवसात मराठी, उर्दू व कन्नड अशा तीन भाषांतून वावरतो. त्यामुळे एकाच गणिती कल्पनेची तीन नावे त्याच्या कानावर पडतात. ही नावे काय सुचवतात, हे पाहणे भाषाशिक्षकाचेही काम आहे.

मराठीत 'समप्रमाण' हा शब्द रूढ आहे. पण व्यवहारातील मराठीत 'दोन्ही पदार्थ समप्रमाणात घ्या' याचा अर्थ 'सारख्याच मापाने घ्या' असा होतो. एक वाटी याचे तर एक वाटी त्याचे. गणितात मात्र 'सम' हा शब्द राशींच्या सारखेपणाविषयी नसून त्यांच्या गुणोत्तराच्या स्थिरतेविषयी आहे. घरातला अर्थ घेऊन वर्गात आलेले मूल 'दोन्हीकडे सारखेच वाढवायचे' अशी समजूत करून घेऊ शकते. 'व्यस्त' या शब्दाचेही तसेच आहे. बोलीत तो कामात गुंतलेल्या माणसासाठी येतो.

उर्दूत 'रास्त तनासुब' व 'माकूस तनासुब' असे शब्द आहेत. 'तनासुब' हा शब्द 'निस्बत' याच धातूचा असल्याने गुणोत्तराशी त्याचे नाते उघड दिसते व ही उर्दू परिभाषेची जमेची बाजू होय. पण 'रास्त' म्हणजे सरळ, नीट. मराठीत हाच शब्द 'रास्त भाव दुकान' या रूपाने 'वाजवी' या अर्थाने आला आहे. कन्नडमधील 'नेर अनुपात' यातील 'नेर' शब्दही सरळ या अर्थाचाच. म्हणजे तीनपैकी दोन भाषांत 'सरळ' हा गुण नावातच बसलेला आहे. साहजिकच 'सरळ रेषा आली म्हणजे समप्रमाण झाले' हा ग्रह अधिक पक्का होतो.

आलेखाला कन्नडमध्ये 'नक्षे' म्हणतात. मराठीतील 'नकाशा' व उर्दूतील 'नक्शा' ही त्याचीच भावंडे. हा शब्द अध्यापनाच्या दृष्टीने सोयीचा आहे, कारण नकाशा पाहताना माणूस प्रथम 'कोठून मोजायचे' हे विचारतो. आलेखात हे 'कोठून' म्हणजे आरंभबिंदू. उर्दूत त्याला 'मब्दा' म्हणतात. व्याकरणात वाक्याच्या आरंभीचा 'मुब्तदा' याच धातूपासून आलेला आहे. मुब्तदा ठरल्याशिवाय खबर कोणाविषयी आहे ते कळत नाही, त्याचप्रमाणे मब्दा ठरल्याशिवाय रेषा काय सांगते ते कळत नाही. 'आरंभबिंदू' या मराठी शब्दात मात्र एक धोका आहे. आलेख नेहमी तेथूनच 'आरंभ' होतो असे विद्यार्थ्याला वाटते. वास्तविक आरंभबिंदू म्हणजे दोन्ही राशी एकाच वेळी शून्य असण्याची जागा. आलेख तेथून जाईलच असे नाही. तो जातो की नाही, हाच तर प्रश्न आहे.

त्रैराशिकाची परंपरा

आपल्याकडे प्रमाणाचे गणित आलेखाने नव्हे तर त्रैराशिकाने शिकवले गेले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) प्रमाण, फल व इच्छा या तीन राशींवरून चौथी काढण्याची रीत आहे. फलाला इच्छेने गुणावे व प्रमाणाने भागावे. अकबराच्या आज्ञेवरून फैजी याने १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले, त्यामुळे ही रीत फारसी जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही पोचली. संस्कृत व फारसी या दोन्ही विद्यापरंपरांचा हा समान वारसा होय.

त्रैराशिकाची शक्ती मोठी आहे, पण तिला मर्यादाही आहे. दोन राशी समप्रमाणात आहेत हे त्रैराशिक तपासत नाही, ते गृहीत धरते. भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिक स्वतंत्रपणे सांगितले, यावरून रीत लावण्यापूर्वी राशींचे नाते ओळखावे लागते हे त्यांना अभिप्रेत होते असे दिसते. पुढील काळात परीक्षेच्या घाईत ही ओळखण्याची पायरी गळाली आणि तिरकस गुणाकार तेवढा उरला. 'एक वाढले की दुसरे वाढते ते समप्रमाण' ही अर्धवट व्याख्या त्याचेच फळ. मुलाचे वय वाढते तशी त्याची उंचीही वाढते, पण म्हणून दहा वर्षांच्या मुलाची उंची पाच वर्षांच्या मुलाच्या दुप्पट होत नाही. त्रैराशिक एका वेळी एकच उत्तर देते. आलेख मात्र सर्व जोड्या एकदम समोर मांडतो, त्यामुळे नाते तपासण्याची सोय त्यात आपोआप येते.

पाठ्यपुस्तकांतील मांडणी

महाराष्ट्रात बालभारतीच्या २०१७ च्या सातवीच्या पुस्तकात 'समप्रमाण व व्यस्तप्रमाण' हा स्वतंत्र पाठ आहे. त्याच पुस्तकात जोडस्तंभालेखाचाही पाठ आहे. २०१८ च्या आठवीच्या पुस्तकात 'चलन' या पाठात समचलन, व्यस्त चलन व चलनाचा स्थिरांक येतो, तर आलेख येतो तो सांख्यिकीच्या पाठात, विभाजित व शतमान स्तंभालेखाच्या रूपाने. सरळ रेषेचा आलेख विद्यार्थ्याला भेटतो तो नववीच्या निर्देशक भूमितीत. म्हणजे समप्रमाण एका वर्गात, स्तंभ दुसऱ्या पाठात आणि रेषा तिसऱ्या वर्षात. स्थिरांक आणि रेषेचा चढ ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे सांगायला या रचनेत जागाच उरत नाही. नववीच्या विज्ञानात गतीच्या नियमांबरोबर अंतर-काल आलेख येतो. तेथे एकसमान गतीची रेषा शिकवताना आठवीच्या समचलनाची आठवण देण्याची जबाबदारी गणिताची की विज्ञानाची, हे ठरलेले नसते. परिणामी ती कोणीच घेत नाही.

एनसीईआरटीचे २००८ पासून अनेक वर्षे चाललेले आठवीचे पुस्तक या बाबतीत सरस होते. त्यात समप्रमाण व व्यस्तप्रमाणाच्या पाठानंतर केवळ अवयवीकरणाचा एक पाठ मध्ये टाकून आलेखांची ओळख करून दिली होती. १०, १५, २० व २५ लिटर पेट्रोलची किंमत अनुक्रमे ५००, ७५०, १००० व १२५० रुपये, असे कोष्टक देऊन त्याची रेषा काढली होती. ही रेषा आरंभबिंदूतून जाते हे सांगून त्याचे कारण शोधण्यास विद्यार्थ्याला सुचवलेही होते. चौरसाची बाजू व परिमिती, तसेच बाजू व क्षेत्रफळ यांचे आलेख काढून त्यांतला कोणता रेषीय आहे हे विचारणारा स्वाध्याय विशेष उल्लेखनीय होय.

तथापि या मांडणीतही एक उणीव राहिली. आरंभबिंदूचा मुद्दा ओझरता आला आणि समप्रमाणाचा आलेख रेषीय असतो या विधानावर भर राहिला. विधान खरे आहे, पण त्याचा व्यत्यास खरा नाही. समप्रमाण असेल तर सरळ रेषा येते, पण सरळ रेषा आली म्हणून समप्रमाण असतेच असे नाही. हा भेद ठसवायचा तर समप्रमाणाच्या रेषेशेजारी आरंभबिंदू टाळून जाणारी दुसरी सरळ रेषा ठेवून दोहोंची तुलना करावी लागते. चौरसाचे क्षेत्रफळ वक्र आलेख देते. ते उदाहरण रेषा व वक्र यांतील फरक शिकवते, रेषा व रेषा यांतील नव्हे.

अशी दुसरी रेषा नववीच्या पुस्तकात होती. टॅक्सीच्या पहिल्या किलोमीटरला ८ रुपये व पुढील प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये, असे ते उदाहरण. अंतर दुप्पट झाले तरी भाडे दुप्पट होत नाही आणि तरीही आलेख सरळच येतो. परंतु २०२२-२३ च्या सुसूत्रीकरणात नववीच्या त्या पाठातून रेषीय समीकरणाच्या आलेखाचा भागच वगळण्यात आला. भार कमी करण्याचा हेतू समजण्यासारखा असला, तरी त्याबरोबर तुलनेची ती संधीही गेली. २०२५ मध्ये आलेल्या 'गणित प्रकाश' या आठवीच्या नव्या पुस्तकाने प्रमाणबद्ध विचारासाठी दोन्ही भागांत पाठ दिला ही स्वागतार्ह गोष्ट होय. जागा मिळाली आहे, तिचा उपयोग या तुलनेसाठी करणे शिक्षकाच्या हाती आहे.

नवनगरचे उदाहरण

ही तुलना करण्यासाठी दूर जावे लागत नाही. हुबळी-धारवाड दरम्यान २०१८ पासून धावणाऱ्या जलद बससेवेच्या 'चिगरी' बसचा मार्ग नवनगरवरून जातो. हिशेबाच्या सोयीसाठी हुबळी ते नवनगर ८ किलोमीटर, हुबळी ते धारवाड २० किलोमीटर आणि बसचा वेग ताशी ३० किलोमीटर धरू व थांबे सोडून देऊ. एक प्रवासी नवनगरला बसून धारवाडकडे निघाला. सुरुवातीला, १० मिनिटांनी व २० मिनिटांनी तो कोठे असेल?

नवनगरपासून मोजले तर अंतरे अनुक्रमे ०, ५ व १० किलोमीटर येतात. अंतर भागिले वेळ दोन्ही वेळा अर्धाच. हे समप्रमाण असून रेषा आरंभबिंदूतून जाते.

हुबळीपासून मोजले तर अंतरे ८, १३ व १८ येतात. बस तीच, वेग तोच, दर दहा मिनिटांची वाढ ५ किलोमीटरच, रेषेचा चढही तोच. पण १३ भागिले १० म्हणजे १.३ आणि १८ भागिले २० म्हणजे ०.९. गुणोत्तर स्थिर नाही. रेषा उभ्या अक्षाला ८ वर छेदते. हे समप्रमाण नव्हे.

धारवाडपासून मोजले तर अंतरे १२, ७ व २ अशी घटत जातात. वेळ वाढते, अंतर घटते, म्हणून विद्यार्थी चटकन 'व्यस्तप्रमाण' म्हणतो. पण १० गुणिले ७ म्हणजे ७० आणि २० गुणिले २ म्हणजे ४०. गुणाकार स्थिर नाही, तेव्हा व्यस्तप्रमाणही नाही. व्यस्तप्रमाणाचा आलेख वक्र असतो व तो कोणत्याही अक्षाला टेकत नाही. येथे मात्र उतरती सरळ रेषा आहे आणि धारवाड आले की ती आडव्या अक्षाला टेकते.

एकाच प्रवासाच्या या तीन रेषा एका आलेखकागदावर काढल्या की समप्रमाण हा बसचा गुण नसून निवडलेल्या दोन राशींमधील नात्याचा गुण आहे, हे विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. शून्य कोठे ठेवले यावर ते नाते ठरते. कोणतीही व्याख्या पाठ करून ही समज येणे कठीण आहे.

चुकीचे निदान

आलेखाचा दुसरा उपयोग निदानाचा. अमेरिकेत बर्कली येथे रॉबर्ट कार्प्लस यांनी १९७० च्या सुमारास वापरलेले एक कोडे शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. मिस्टर शॉर्टची उंची ४ बटणे, हीच उंची टाचण्यांनी मोजली तर ६ टाचण्या. मिस्टर टॉलची उंची ६ बटणे, तर टाचण्या किती? बरोबर उत्तर ९. पण अनेक मुले ८ सांगतात, कारण बटणे दोनने वाढली म्हणून टाचण्याही दोनने वाढवतात. वर सांगितलेला 'समप्रमाणात घ्या' याचा घरगुती अर्थ या बेरजेच्या विचाराला बळ देणाराच आहे.

अशा मुलाला 'चूक' म्हणून उत्तर पुसण्यापेक्षा त्याचे बिंदू आलेखावर मांडायला सांगावे. (४, ६) व (६, ८) यांतून जाणारी रेषा मागे वाढवली की ती (०, २) वर पोचते. म्हणजे ज्याची उंची शून्य बटणे, तो दोन टाचण्या उंच! मूल स्वतःच हसते व उत्तर दुरुस्त करते. (४, ६) व (६, ९) यांची रेषा मात्र आरंभबिंदूतून जाते. चुकीचे उत्तरही सरळ रेषाच देते, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. ती चूक सरळपणाने पकडली जात नाही, आरंभबिंदूने पकडली जाते.

याच्या उलट चूकही आढळते. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील डर्क डी बॉक, विम व्हान डोरेन, लिव्हेन व्हर्शाफेल इत्यादी संशोधकांनी दाखवले आहे की, जेथे समप्रमाण नाही तेथेही विद्यार्थी ते लावतात. चौरस शेताची बाजू तिप्पट झाली तर खत पसरण्याचा वेळही तिप्पट, असे ते सांगतात. वास्तविक क्षेत्रफळ नऊपट झालेले असते. सरळ रेषेचा हा मोह मोडायचा तर न जुळणारी उदाहरणे जुळणाऱ्या उदाहरणांइतकीच वर्गात आली पाहिजेत.

आक्षेप व मर्यादा

आलेख काढण्यात तास जातो, परीक्षेत त्याला गुण थोडे, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. परंतु येथे प्रत्येक उदाहरणाला आलेख काढावा असे म्हणणे नाही. वर्षातून असे तीन-चार तुलनात्मक आलेख पुरेसे आहेत. चौकटीच्या वहीचे पानही चालते.

आलेखाच्या स्वतःच्या मर्यादाही शिकवायला हव्यात. वह्यांची संख्या व किंमत यांचे बिंदू सरळ रेषेत येतात, पण अडीच वह्या विकत मिळत नाहीत. मग बिंदू जोडणारी रेषा कशाची, हे विचारले पाहिजे. काही आलेखांत अक्षावर नागमोडी खूण करून शून्यापासूनचा भाग वगळलेला असतो. तेथे कागदाचा कोपरा म्हणजे आरंभबिंदू नव्हे. आलेखाने गुणोत्तराचे कोष्टक रद्द होत नाही. दोन्ही शेजारी ठेवावीत, म्हणजे कोष्टकातील स्थिर भागाकार, एकमान पद्धतीतील 'एकाची किंमत' आणि रेषेचा चढ या तिन्ही गोष्टी एकच आहेत हे दिसते.

महाविद्यालयीन शिक्षकाशी संबंध

हा विषय शाळेचा, मग समुदाय महाविद्यालयातील शिक्षकाने त्यात का लक्ष घालावे? सच्चर समितीच्या नोव्हेंबर २००६ च्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडलेली होती. त्या पिढीतील मुले आता प्रौढ आहेत. त्यांपैकी जो पुन्हा शिक्षणाकडे वळतो, तो बहुधा अशाच महाविद्यालयाच्या दारातून येतो. सातवीत समप्रमाण व नववीत रेषा अशी विभागणी असेल, तर आठवीत शाळा सुटलेल्या विद्यार्थ्याला रीत मिळाली पण कसोटी कधीच मिळाली नाही. पाठ्यपुस्तकाच्या रचनेतील फट अशा रीतीने सर्वांत दुबळ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

हीच फट पुढे व्यवसायात नडते. वीजतंत्रीच्या वर्गात ओहमच्या नियमाची रेषा आरंभबिंदूतून जाते. मीटरचा काटा शून्यावर आणलेला नसेल तर ती सरकते. हे ज्याला वाचता येत नाही, तो नियमालाच चूक ठरवतो. स्थिर आकार असलेल्या वीजबिलात वापर निम्मा झाला तरी बिल निम्मे होत नाही, याचे कारणही तीच उभ्या अक्षावर वर उचललेली रेषा. शिवणकामाच्या दुकानात भाडे स्थिर व कापड नगावर, म्हणून दुप्पट सदरे शिवले तरी खर्च दुप्पट होत नाही. हे ज्याला कळत नाही त्याच्या दराचा हिशेब चुकतो व नुकसान त्याचेच होते.

निष्कर्ष

या विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. समप्रमाण शिकवताना आरंभबिंदूतून जाणारी व न जाणारी, अशा दोन रेषा प्रथमपासून शेजारी ठेवाव्यात. 'रेषा सरळ आहे काय?' या प्रश्नापाठोपाठ 'दोन्ही राशी एकदम शून्य होतात काय?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. समप्रमाण, रास्त तनासुब व नेर अनुपात हे तिन्ही शब्द फळ्यावर एकत्र लिहून त्यांचे व्यवहारातील अर्थ व गणितातील अर्थ वेगळे करून सांगावेत. हे काम गणित शिक्षकाने व भाषा शिक्षकाने मिळून करण्याजोगे आहे. उदाहरणे बसमार्ग, वीजबिल, शिवणयंत्र अशा विद्यार्थ्याच्या परिचयाच्या व्यवहारांतून घ्यावीत.

पाठ्यपुस्तके बदलत राहतील व त्यांची सुसूत्रीकरणेही होत राहतील. एका आलेखकागदावर दोन रेषा काढण्यासाठी मात्र कोणत्याही मंडळाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.